मिरासदार मास्तर पडद्यावर: गोष्ट सांगणारा आवाज कुठे जातो?

पारावरचा (धागाकर्ता)

गेल्या रविवारी घरी पाहुणे होते. पंच्याहत्तरीची आत्या, आतेभाऊ, वहिनी आणि त्यांची सातवीतली लेक. जेवणं झाली आणि आता बघायचं काय यावरून जुंपली. आत्याला मालिका, पोरीला कोरियन काहीतरी, आतेभावाला जुने क्रिकेट सामने. शेवटी वैतागून मीच 'एक डाव भुताचा' लावला. पोरगी दहा मिनिटांत उठून जाणार याची खात्री होती. ती उठली नाही. उलट मी पाणी प्यायला उठलो तर म्हणाली, "काका, थांबवू का?"

सिनेमा १९८२चा, दिग्दर्शक रवी नमाडे. भित्रा मास्तर म्हणजे दिलीप प्रभावळकर, शिवकाळातल्या मावळ्याचं भूत म्हणजे अशोक सराफ, आणि जोडीला रंजना. भुताला घाबरायचं सोडून त्याच्याशी दोस्ती, एवढ्या एका कल्पनेवर अख्खा सिनेमा उभा आहे. पटकथा द. मा. मिरासदारांची. यातले हेडमास्तरही तेच.

पोरीने विचारलं, हे मिरासदार कोण? मी सांगायला लागलो आणि माझ्याच लक्षात आलं की त्यांची ओळख एका वाक्यात होत नाही. जन्म १९२७, अकलूज. शिक्षण अकलूज-पंढरपूरला आणि मग पुण्यात. थोडे दिवस पत्रकारी. १९५२ पासून शाळामास्तर, १९६१ पासून मराठीचे प्राध्यापक. हे सगळं पोटापाण्याचं. त्याच्या बरोबरीने कथा, वगनाट्य, कथाकथन, सिनेमा. गेले २०२१च्या २ ऑक्टोबरला.

आता मूळ मुद्दा. सिनेमा संपल्यावर सगळे खूश होते, मीही होतो, पण मला काहीतरी कमी पडल्यासारखं वाटत राहिलं. त्यांची गोष्ट वाचताना मी जिथे फिस्सकन हसतो ती जागा बहुतेक वेळा संवादात नसते. ती असते गोष्ट सांगणाऱ्याच्या वाक्यात. अगदी साध्या, चेहरा न हलवता टाकलेल्या वाक्यात. पडद्यावर हा सांगणारा जातो कुठे? पटकथेत त्याला जागाच नसते. मग मिरासदारांसारख्या माणसाने सिनेमा लिहिला तर त्याच्या हातातलं सगळ्यात धारदार हत्यार आधीच काढून घेतलं, असं होत नाही का?

जाणकारांनी लिहावं. 'जुनं ते सोनं' एवढंच लिहायचं असेल तर कृपया दुसरा धागा काढा.

---

खमंग_काकडी

मस्त धागा. अवांतराने सुरुवात करते, माफी असावी. १९८२ साली भुताला टरकणारे प्रभावळकर १९९३ साली 'झपाटलेला'त तात्या विंचू झाले. अकरा वर्षांत माणसाने पक्ष बदलला!

---

चौथा_तास

मी शाळेत मराठी शिकवतो, त्यामुळे गप्प बसवत नाही.

आठवीच्या वर्गावर शेवटचा तास, दुपारी पाचच्या सुमाराचा, पंखा बंद, हा जगातला सगळ्यात कठीण प्रेक्षकवर्ग आहे. नाटकवाल्यांना निदान तिकीट काढून आलेली माणसं मिळतात. आमच्याकडे आलेला प्रत्येक जण घरी जायच्या घाईत असतो. तिथे पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीला आणि शेवटच्या बाकावर पेन फिरवत बसलेल्या पोराला एकाच वाक्यात पकडावं लागतं. हुशार मुलीसाठी वाक्य अवघड केलं की मागचा गेला, मागच्यासाठी आचरटपणा केला की पुढची गेली. आपण 'सगळ्या कुटुंबाने मिळून बघावं असं' म्हणतो त्याची तालीम इथेच होते. मिरासदार १९५२ ला मास्तर झाले, १९६१ पर्यंत शाळेत होते. नऊ वर्षं शाळेचा वर्ग आणि मग कॉलेज. माझ्या मते हीच त्यांची पटकथालेखनाची शाळा. सिनेमाच्या लोकांनी त्यांना काही शिकवलं असेल-नसेल.

मिरासदारांची 'भुताचा जन्म' ही कथा मी दर वर्षी एकदा वर्गात मोठ्याने वाचतो. पोर्शनमध्ये असो वा नसो. भूत जन्माला कसं येतं? माणसाच्या भीतीतून आणि दुसऱ्या माणसाच्या तोंडातून. आजच्या पोरांना हे समजावून सांगावं लागत नाही. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ती रोज एक भूत जन्माला येताना बघतात.

---

फुटाणे

धागाकर्त्याशी असहमत. काडी टाकतो.

'सांगणाऱ्याचं वाक्य पडद्यावर येत नाही' हे रडगाणं साहित्यातून सिनेमा केला की दर वेळी ऐकू येतं. पटकथाकाराचं कामच ते वाक्य दिसेल असं करणं. नाही जमलं तर ती हार लेखकाची. माध्यमाला कशाला बोल लावता? उदाहरण द्या, नुसतं 'फिस्सकन हसतो' नको.

---

पारावरचा

@फुटाणे, घ्या उदाहरण. त्यांचं वाक्य पाठ नाही आणि चुकीचं उद्धृत करायचं नाही, म्हणून त्या घाटाचं मीच एक बनवतो:

"गावात चोरी झाली आणि गावाला जरा बरं वाटलं."

आता चोरी दाखवा. गाव दाखवा. ते "जरा बरं वाटलं" कसं दाखवणार? सगळी गंमत त्या 'जरा'त आहे.

---

फुटाणे

सोपं आहे हो. चोरीच्या आधीची चावडी दाखवायची. भर दुपार, कुत्रं झोपलेलं, एक जण जांभई देतोय, दुसरा त्याची जांभई बघून देतोय, कुणी कुणाशी बोलत नाही. मग कापून थेट दुसऱ्या दिवशीची चावडी. बसायला जागा नाही, चहाची किटली फिरतेय, ज्याच्या घरी चोरी झाली तो मधोमध बसलाय आणि नवरदेवासारखा भाव खातोय. एक शब्द बोलायची गरज नाही.

---

पारावरचा

मानलं. 'नवरदेवासारखा' आवडलं.

पण एक बघा. हे हसू मोठं आहे, माझ्या वाक्यातलं हसू बारीक होतं. तुमचं दृश्य आत्यालाही कळेल, पोरीलाही कळेल. माझं वाक्य एकट्याने वाचणाऱ्याच्या ओठाच्या कोपऱ्यात संपतं. मला वाटतं फरक इथे आहे. सिनेमात शंभर जणांना एकाच वेळी हसवायचं, तर हसू थोडं जाड करावंच लागतं.

---

आडवाट

या चर्चेत मधली पायरी कुणीच धरली नाही. कागद आणि पडदा यांच्यामध्ये एक तिसरी जागा होती: कथाकथन. १९६२ साली पंढरपूरला मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर आणि शंकर पाटील या तिघांनी मिळून कार्यक्रम केला आणि पुढे कित्येक वर्षं गावोगाव फिरले. गणेशोत्सव, व्याख्यानमाला, कॉलेजची स्नेहसंमेलनं. परदेशातल्या मराठी मंडळांतसुद्धा.

म्हणजे पटकथा लिहायला बसण्याआधी या माणसाने वीसेक वर्षं आपलं प्रत्येक वाक्य समोर बसलेल्या माणसांवर तपासून घेतलं होतं. कुठे हशा येतो, कुठे थांबायचं, हशा पूर्ण ओसरू द्यायचा की शेपटीवर पुढचं वाक्य टाकायचं, हे त्यांना टेबलाशी बसून ठरवावं लागत नव्हतं. गणेशोत्सवातला प्रेक्षक म्हणजे तरी कोण? पुढे सतरंजीवर पोरं, मधे बायका, खुर्च्यांवर म्हातारे आणि मागे सायकलला टेकून उभे असलेले टगे. चौथा_तास यांचा वर्गच, फक्त मोठा.

आणखी एक गंमत. हे तिघंही सिनेमात होते आणि तिघांच्या वाटा निराळ्या. माडगूळकरांनी 'सांगत्ये ऐका'ची पटकथा लिहिली (१९५९), जो पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला. शंकर पाटलांनी 'पिंजरा'चे संवाद लिहिले (१९७२), 'एक गाव बारा भानगडी' तर त्यांचाच. हे दोघं सिनेमात मुख्यतः तमाशाप्रधान किंवा गंभीर ग्रामीण वळणाने गेले. मिरासदारांनी 'मी लाडाची मैना तुमची'सारखं वगनाट्य लिहिलं, पण पडद्यावर आले ते शाळा, मास्तर आणि भूत घेऊन.

---

कऱ्हाकाठ

तिघंही साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले हेही जोडा. माडगूळकर १९८३ अंबाजोगाई, पाटील १९८५ नांदेड, मिरासदार १९९८ परळी वैजनाथ. एक सांगली जिल्ह्यातला, एक कोल्हापूरचा, एक सोलापूरचा आणि तिघांनाही खुर्ची दिली मराठवाड्याने. आम्ही पश्चिम महाराष्ट्रवाले आपल्या माणसांना घरच्या भाकरीसारखं गृहीत धरतो, दुसरं काय.

---

मोगलाईतला

@कऱ्हाकाठ, आमच्याकडे पाणी कमी, पण माणसाची पारख आहे! :)

---

दुपारची_चाळ

मला 'कौटुंबिक करमणूक' या शब्दाबद्दलच बोलायचं आहे. समीक्षेत हा शब्द कौतुकाने वापरलेला मी तरी फारसा वाचला नाही. म्हणजे काय, तर निरुपद्रवी. दात काढलेला. मिरासदारांच्या बाबतीत हे फार झालंय. 'ग्रामीण विनोदी कथाकार' अशी पट्टी चिकटवली आणि कपाटात ठेवून दिले. 'विरंगुळा' वाचली आहे का कुणी? ओढगस्तीतला एक साधा कारकून. त्याचा विरंगुळा म्हणजे कुणी गेलं की धावत जायचं आणि अंत्ययात्रेची सगळी तयारी अंगावर घ्यायची. ही विनोदी कथा आहे का? पहिली दोन पानं मी हसले. नंतर पुस्तक मिटून बसले. 'स्पर्श', 'गवत', 'कोणे एके काळी' या त्याच जातीच्या कथा.

ज्याला हे लिहिता येतं त्याने मुद्दाम हलकंफुलकं लिहिलं तर ती त्याची मर्यादा कशी म्हणायची? ती निवड आहे. आणि ती निवड कुठल्या काळात केली तेही बघा. ऐंशीच्या दशकाची सुरुवात म्हणजे दुहेरी अर्थाचे विनोद जोरात चालण्याचा काळ. घरातली बाई सिनेमाला येईल का, हा प्रश्न थेटरवाल्यांना पडायचा. अशा वेळी लिहिलेल्या सिनेमात चाळीस वर्षांनी आत्या आणि सातवीतली मुलगी शेजारी बसून हसतात आणि मधल्या माणसाला रिमोटवर बोट ठेवून बसावं लागत नाही.

---

फुटाणे

दुहेरी अर्थवाल्यांना एवढं हिणवू नका. 'सोंगाड्या' वसंत सबनिसांनी लिहिला आणि 'अशी ही बनवाबनवी'सुद्धा वसंत सबनिसांनीच लिहिला. एकाच पेनातून दोन्ही येतं. बनवाबनवी आज घराघरात पाठ आहे. तेव्हा कौटुंबिक आणि वात्रट यांच्यामध्ये चीनची भिंत नाही. फार तर कुडाची.

---

दुपारची_चाळ

मी हिणवलं नाही, काळ सांगितला. कुडाची भिंत मान्य. कुडालाही दार असतं आणि ते कधी लावायचं हे लिहिणाऱ्याला कळावं लागतं.

---

जर्सीकर

आमच्याकडे मुलांना मराठी शाळेत (दर रविवारी, दोन तास, कुरकुर करत) मिरासदारांच्या भोकरवाडी गावच्या गोष्टी वाचून दाखवण्याचा प्रयोग केला. अडचण अशी की 'चावडी' म्हणजे काय इथूनच सुरुवात. तलाठी, पाटील, पंचनामा, काही म्हणजे काही माहीत नाही. दर ओळीला थांबून सांगत बसलो तर विनोदाचं भजं होतं.

मग एकदा न थांबता, काही न समजावता, नुसती पात्रं आवाज बदलून वाचली. नाना चेंगट किरट्या आवाजात, बाबू पैलवान जड आवाजात. पोरं हसली. चावडी काय ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण सगळ्यात जास्त बोलणारा माणूस सगळ्यात जास्त घाबरट असतो हे बरोबर कळलं. माझ्या मुलाने त्याच्या वर्गातला नाना चेंगट कोण तेही सांगितलं. ('जोशुआ' म्हणाला.)

तेव्हा धागाकर्त्याच्या प्रश्नाला माझं उत्तर: सांगणारा आवाज जातो, पण माणसं राहतात. माणसं पक्की असली तर ती पडदाच काय, समुद्रही ओलांडतात.

---

कऱ्हाकाठ

मास्तरांच्या धाग्यावर अत्र्यांचं नाव अजून आलं नाही याचं नवल वाटतं. मी अत्र्यांच्याच सासवडचा, त्यामुळे हे माझंच काम.

मिरासदारांनी मास्तरकी केली ती पुण्यात कॅम्प एज्युकेशनमध्ये. त्याच संस्थेच्या शाळेचे अत्रे कित्येक वर्षं हेडमास्तर होते. लंडनला जाऊन शिक्षणशास्त्राची पदविका घेऊन आलेले, मुलांसाठी 'नवयुग वाचनमाला' काढणारे. आणि तेच अत्रे १९३८ साली मास्टर विनायकांसाठी 'ब्रह्मचारी' लिहितात, ज्यात मीनाक्षी शिरोडकरांनी पोहण्याचा पोशाख घालून गाणं म्हटल्यावर महाराष्ट्रभर बोंबाबोंब होते. त्यांनीच १९५३ साली 'श्यामची आई' काढला, त्याला पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. पुढच्याच वर्षी 'महात्मा फुले'. फुटाणे म्हणतात ती कुडाची भिंत अत्र्यांनी तर कधी उभीच केली नाही.

'श्यामची आई' म्हणजे तर मास्तरांचाच सिनेमा. मूळ पुस्तक साने गुरुजींचं, तेही शिक्षक. 'छडी लागे छमछम' लिहिलं वसंत बापटांनी, तेही प्राध्यापक. श्याम झालेले माधव वझे पुढे मोठे होऊन इंग्रजीचे प्राध्यापक झाले. छडी कुणाला लागली आणि विद्या कुणाला आली याचा हिशेब तुम्हीच करा.

---

चौथा_तास

@कऱ्हाकाठ, कॅम्पच्या शाळेचा धागा जोडलात, फार बरं वाटलं. एक भर घालतो. शंकर पाटीलही शिक्षक होते आणि पुढे पाठ्यपुस्तक मंडळात विशेषाधिकारी. म्हणजे 'पिंजरा'तल्या मास्तरला बोलतं करणारा माणूस खुद्द मास्तर. पडद्यावरच्या मास्तरांवर अभ्यास केला पाहिजे कुणीतरी. 'पिंजरा'चा मास्तर तत्त्वासाठी कोसळतो, मिरासदारांचा मास्तर भुतामुळे सावरतो.

आणखी एक. पारावरचा यांचा मूळ प्रश्न होता की सांगणारा जातो कुठे. 'एक डाव भुताचा'मध्ये मिरासदार हेडमास्तर होऊन स्वतः येतात. आवाज कागदावर राहिला असेल, पण आवाजाचा मालक पडद्यावर आहे की! तोही हेडमास्तरच्या खुर्चीत. शाळेत जिथे बसून सगळ्यांवर नजर ठेवता येते अशी तीच एक जागा.

---

पारावरचा

@चौथा_तास, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पुन्हा बघतो आता फक्त तेवढे प्रसंग.

---

उंबरठा

इतका वेळ नुसती वाचत होते. एक तक्रार नोंदवते. सगळे मास्तर, सगळे पुरुष, सगळी चावडी. 'सगळ्या कुटुंबासाठी' म्हणता, पण त्या गोष्टींच्या चावडीवर माझी आजी कधी बसली असती का? भोकरवाडीत बायका आहेत, आनशीसारखी फटकळ बाईही आहे, पण गोष्ट पुढे नेतात ते बाप्येच. मला या कथा आवडतात, लहानपणी कॅसेट झिजेपर्यंत ऐकल्यात. तरीही आता वाचताना हे खुपतं.

---

आडवाट

@उंबरठा, खरं आहे, यावर पांघरूण घालायला नको. त्या काळच्या चावडीवर बायका नसायच्या हे कारण अर्धंच पुरतं, कारण गावातली अर्धी बातमी पाणवठ्यावर तयार व्हायची आणि ते मिरासदारांना नक्कीच माहीत असणार. सिनेमात हे थोडं बदललं असं मला वाटतं. पडद्यावर रंजनासारखी नटी उभी केली की तिला नुसतं कोपऱ्यात उभं ठेवता येत नाही. नटीच जागा करून घेते.

---

खमंग_काकडी

रंजनासाठी वेगळा धागा काढा कुणीतरी. मी भांडायला येईन.

---

फुटाणे

'ठकास महाठक' (१९८४) बद्दल कुणीच बोललं नाही. पटकथा त्यांचीच. मी फार लहानपणी बघितलाय, आठवतं फक्त थेटरमधलं भेळेचं पुडकं. चांगली प्रत मिळाली तर सांगा, बघून मग भांडू.

---

पारावरचा

धाग्याला इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, आभार.

हेडमास्तरांचे प्रसंग पुन्हा बघितले. चौथा_तास यांचं बरोबर आहे. बाकीची पात्रं हसवायला धडपडतात, हा माणूस धडपडत नाही. फक्त असतो. माझं ते 'जरा' मला तिथे सापडलं, निदान थोडंसं.

आत्या अजून इथेच आहे. काल अप्पा बळवंत चौकातून 'मिरासदारी' आणलं. पोरगी मोठ्याने वाचतेय, आत्या ऐकतेय. पोरीला थांबायचं कुठे ते कळत नाही, भराभर पुढे जाते. आत्या दर वेळी म्हणते, "अगं थांब, हसू दे की आधी."

---

जर्सीकर

कुठली गोष्ट चालू आहे?

---

पारावरचा

'भुताचा जन्म'. अर्ध्यावर आहोत, आत्याच्या मालिकेची वेळ झाली.